परदेशातून परतल्यावर बागेचं वर्ष कधी सुरू करायचं?

परसबागी

नमस्कार मंडळी.

म्युनिकजवळ बरीच वर्षं काढून आम्ही पुण्यात परतलो. फ्लॅट चौथ्या मजल्यावर. एक बाल्कनी दक्षिणेला, एक उत्तरेला, शिवाय सोसायटीने कुरकुरत दिलेला गच्चीचा एक कोपरा. मातीत हात घातल्याशिवाय चैन पडत नाही, पण इथे कामाचं वेळापत्रकच बसत नाहीये.

तिकडे आमची क्लाइनगार्टन होती, म्हणजे शहराच्या कडेला भाड्याने मिळणारा बागेचा तुकडा. त्याचा कायदा १९८३ चा, आणि जर्मन कायदा असल्यामुळे सगळं मोजून दिलेलं: तुकडा ४०० चौरस मीटरपेक्षा मोठा नको, त्यातली खोपटी २४ चौरस मीटरपेक्षा मोठी नको, आणि साधारण एक तृतीयांश जागेत फळं-भाज्या हव्यातच. नुसती हिरवळ करून खुर्ची टाकून बसलात तर पदाधिकारी येऊन समज देतात.

पण वर्ष कसं आखीव होतं! फेब्रुवारी-मार्चमध्ये खिडकीत टोमॅटोचं बी टाकायचं. रोपं बाहेर न्यायची ती 'आइसहायलिगे' उलटल्यावर. ११ ते १५ मे हे थंडीच्या संतांचे दिवस, शेवटच्या दिवशी 'थंडगार सोफी'. शेजारच्या प्लॉटवरच्या आजी १५ मेच्या आधी कुणी टोमॅटो लावलेला दिसला की कुंपणाशी येऊन नुसत्या बघत उभ्या राहायच्या. ऑक्टोबरात ट्यूलिपचे कंद पुरायचे, नोव्हेंबरात कुलूप.

इथे नर्सरीवाले म्हणतात, "कधीही लावा साहेब, सगळं येतं." वॉचमनकाका म्हणतात जून. बायको म्हणते आधी खोकी उघड. तर प्रश्न असा: इथे बागेचं वर्ष सुरू कधी होतं आणि बाग झोपते कधी? मला टोमॅटो, कोथिंबीर, पालक हवेत, आणि जमलं तर ट्यूलिप. पुढच्या फेरीत तिकडून कंद आणायचा विचार आहे.

तिरकस

नर्सरीवाल्याच्या "सगळं येतं"चा अर्थ सगळं विकलं जातं. कधीही.

आण्णा_धुळेकर

यात विचारण्यासारखं काय आहे? मृग. ७ जूनच्या आसपास सूर्य मृगात जातो, तेव्हा वर्ष सुरू. रोहिणीत माती तापवून, खत कालवून तयार ठेवायची. तुमच्या थंडगार सोफीबाईंचं काम आपल्याकडे मृग करतो, फक्त तिथे पारा बघायचा आणि इथे आभाळ.

गच्चीवाली

आण्णा, शेताचं ठीक आहे. बाल्कनीत नळाचं पाणी येतं, तिला मृगाशी काय देणंघेणं?

परसबागी, माझं मत ऐका. जूनला नवीन वर्ष समजून भाजीचं बी टाकाल तर जुलैत हातात काही राहणार नाही. चार-चार दिवस ऊन नाही, कुंडीत पाणी तुंबलेलं, कोथिंबीर जमिनीलगत सडते, टोमॅटोवर करपा. पावसाळा वेलांचा: दोडका, कारलं, घोसाळं, काकडी. आणि फांद्या रुजवण्याचा. जास्वंद, अनंत, कृष्णकमळ, काहीही खोचा, जगतं. पण तुम्ही सांगितलेल्या तिन्ही भाज्यांचं वर्ष गणपती गेल्यावर सुरू होतं. सप्टेंबरअखेर टोमॅटोचं बी ट्रेमध्ये, दसरा-दिवाळीत रोपं मोठ्या कुंडीत, जानेवारी-फेब्रुवारीत फळं. कोथिंबीर, पालक, मेथी ऑक्टोबरपासून दर पंधरवड्याला थोडी थोडी पेरत राहायची. एकदम सगळं पाकीट रिकामं करू नका, नाहीतर एकाच आठवड्यात सोसायटीभर जुड्या वाटत फिराल.

आणि बाग झोपते ती मेमध्ये. मरत नाही, पण तिच्याकडून काही मागायचं नाही. पारा ३५ च्या वर राहिला आणि रात्रीही उकडत असलं की टोमॅटोला फुलं येतात ती देठासकट गळतात. पराग निकामी होतात, फळ धरणार कुठून? लोक मग खतावर खत घालतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मस्कतकर

गच्चीवालींना अनुमोदन. मस्कतला हेच गणित, फक्त दहापट कडक. ऑक्टोबर ते एप्रिल बाग, नंतर झाडं सावलीच्या जाळीखाली आणि माणसं एसीत. परदेश म्हटलं की सगळ्यांना बर्फच आठवतो, म्हणून आम्हा आखातवाल्यांची बाजू मांडतो. आमची लढाई पाण्यातल्या मिठाशी होती. कुंडीच्या कडेला पांढरी खरपुडी जमायची आणि पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत व्हायच्या. उपाय एकच: अधूनमधून एवढं पाणी घालायचं की ते खालच्या भोकातून धो धो वाहून मीठ घेऊन जाईल. पुण्यात बोअरवेलचं पाणी घालणाऱ्यांनीही कुंडीची कड एकदा बघावी.

जाता जाता: ओमानमधल्या गावांत फलज पाहिलेत का कुणी? डोंगरातून आणलेले पाण्याचे पाट, पाच फलज २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. कुणाच्या खजुरीला किती वेळ पाणी, हे पूर्वी दिवसा सूर्यघडीवर आणि रात्री ताऱ्यांवर ठरायचं.

आण्णा_धुळेकर

त्यासाठी ओमानला कशाला जायचं मस्कतकर? आमच्या धुळ्याकडे पांझरा नदीवर फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांचं एकच पीक आणि पाणी देणारा पाटकरी वेगळा. शेतकऱ्याने पाण्याला हात लावायचा नाही. तंटे होत नाहीत असं नाही, पण कमी होतात.

तिरकस

आमच्या सोसायटीत गच्चीच्या नळासाठी एक पाटकरी नेमा.

लेस्टरची_लेक

आमची इंग्लंडातली अलॉटमेंट, म्हणजे तुमच्या क्लाइनगार्टनसारखाच बागेचा भाड्याचा तुकडा. मोजमाप अजून 'रॉड' या जुन्या मापात, पूर्ण तुकडा १० रॉडचा म्हणजे साधारण २५० चौरस मीटर. आम्हाला अर्धा मिळाला होता, तोही यादीत नाव घालून विसरून गेल्यावर.

कोथिंबिरीवरून आठवलं. तिकडे जूनमध्ये पेरली की वीतभर होण्याआधी फुलावर यायची. सासूबाई म्हणायच्या बी खराब आहे. बी उत्तम होतं, दिवस लांब होता. जूनमध्ये तिथे साडेसोळा तास उजेड असतो, आणि लांब दिवस दिसला की कोथिंबीर फुलायला निघते. ऑगस्टअखेर पेरली की निवांत वाढायची. पुण्यात वर्षातला सगळ्यात मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा, त्यामुळे इथे ती दिवसाच्या लांबीने कमी आणि उन्हाळ्याने जास्त बिघडते.

कांद्याचं तर विचारूच नका. नाशिककडचा कांदा छोट्या दिवसाचा. त्याला बारा-एक तासांचा उजेड मिळाला की गड्डा धरायला लागतो. तिकडे तेवढा उजेड मार्चअखेरच होतो, तेव्हा पात करंगळीएवढी. मग गोटीएवढे कांदे मिळतात. उलट तिकडचं बी इथे आणलंत तर वर्षभर पातच खा. ते १४-१५ तासांच्या उजेडाची वाट बघत बसतं आणि तेवढा दिवस पुण्यात उगवतच नाही.

म्हणून परसबागी, तिकडून बियाणं आणायच्या फंदात पडू नका.

उत्तरायण

लेस्टरच्या ताई दिवसाच्या लांबीबद्दल बोलल्या, मी उन्हाच्या दिशेबद्दल बोलतो, कारण घोडं नेमकं तिथे पेंड खाणार आहे. मूळ प्रश्नात दोन बाल्कन्यांचा उल्लेख आहे, त्याकडे कुणी पाहिलेलंच नाही.

युरोपात दक्षिणेची बाल्कनी म्हणजे बारा महिने राजयोग, उत्तरेची म्हणजे सायकली ठेवायची जागा. म्युनिक ४८ अक्षांशावर, तिथे सूर्य कायम दक्षिणेलाच. पुणे साडेअठरावर, कर्कवृत्ताच्या आत. मेच्या मध्यास शून्य सावलीचा दिवस येतो (भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर), त्यानंतर जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असतो. या काळात तुमच्या दक्षिण बाल्कनीला थेट ऊन जवळपास शून्य. त्याआधी एप्रिलमध्ये आणि नंतर ऑगस्टमध्येही सूर्य इतका डोक्यावर असतो की वरच्या मजल्याचा स्लॅबच ते अडवतो.

आता डिसेंबर बघा. दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून ४८ अंशांवर. ऊन स्लॅबखालून तिरपं आत शिरतं आणि बाल्कनीच्या पार आतल्या भिंतीवर चढतं. म्हणजे ज्या महिन्यांत टोमॅटोला इथली हवा मानवते, त्याच महिन्यांत दक्षिण बाल्कनीत भरपूर ऊन. हा योग फुकट मिळालाय, घालवू नका.

उत्तरेच्या बाल्कनीला मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन मिळेल, हिवाळ्यात काहीच नाही. तिथे नेचे, मनीप्लांट, ब्रह्मकमळ. (आपण कुंडीत लावतो ते निवडुंगाच्या कुळातलं, हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं. हे कुणीतरी लिहिणारच होतं, मीच लिहून टाकतो.)

तेव्हा जून की दसरा हा वाद गच्चीसाठी करा. बाल्कनीचं वर्ष भिंत ठरवते.

गच्चीवाली

@उत्तरायण, मान्य. माझ्याकडे गच्ची आहे हे नावावरून कळायला हवं होतं तुम्हाला. :)

हिरवीमिरची

टोरांटोची आठवण आली. तिथे व्हिक्टोरिया डेची सुट्टी, म्हणजे २५ मेच्या आधीचा सोमवार, हाच आमचा मृग. त्या शनिवार-रविवारी अख्खं शहर नर्सरीत. आणि मिरचीची रोपं लावून घरात आलं की रात्री रकून (मांजरापेक्षा थोराड, उचापती रानटी प्राणी) येऊन सगळी माती उकरून जाणार.

पण खरा जीव अडकलेला असायचा कढीपत्त्यात. एका मैत्रिणीने गाव सोडताना तिचं झाड मला दिलं होतं. दत्तक विधानच ते, सूचनांचा कागद होता सोबत. ऑक्टोबर लागला की कुंडी घरात, दक्षिणेच्या खिडकीशी. हीटरच्या झोतापासून लांब. डिसेंबरात पानं पिवळी पडून गळायची, जानेवारीत नुसत्या काड्या. नवखी माणसं तेव्हा घाबरून पाणी घालतात आणि मुळं कुजवतात. झाड झोपलेलं असतं, त्याला महिन्यातून एखाद-दोन वेळा घोट पाजायचा, बस. मार्चमध्ये काडीच्या टोकाला लालसर-हिरवा ठिपका दिसला की घरात फोडणीचा वास न येताही आनंद.

आता नागपूरला आईच्या अंगणात कढीपत्त्याचं बन झालंय, खालून फुटवे काढून काढून टाकावे लागतात. त्याला कुणी विचारत नाही.

बे_एरियावासी

@हिरवीमिरची, तुमची मैत्रीण कॅलिफोर्नियात असती तर तिला झाड असं उचलून देता आलं नसतं. सिट्रस सायला नावाची कीड कढीपत्त्यावर वाढते आणि लिंबू-संत्र्याचा ग्रीनिंग रोग पसरवते, त्यामुळे निर्बंध असलेल्या भागातून कढीपत्त्याची रोपं हलवायला बंदी. भारतातून बॅगेत ताजी पानं आणणारे पाहुणे विमानतळावर दुःखी होतात ते याच कारणाने. विदर्भातल्या संत्रावाल्यांना ही कीड काय चीज आहे ते सांगायला नको.

दक्षिणगोलार्ध

सगळे उत्तरेतलेच बोलतायत, म्हणून हात वर करतो. मुक्काम मेलबर्न. नोव्हेंबरचा पहिला मंगळवार, मेलबर्न कप. घोड्यांच्या शर्यतीची सार्वजनिक सुट्टी असते आणि टोमॅटो त्याच दिवशी लावायचे असा इथला रिवाज. भारतातून आई विचारते दिवाळीत काय करतोस, मी सांगतो वाफे खणतोय.

इथे सूर्य उत्तरेला, त्यामुळे घरांच्या जाहिरातीत उत्तरेचं ऊन मिरवतात. पहिल्या वर्षी मी भारतातल्या सवयीने दक्षिण शोधत होतो.

आणि परसबागी, कंद आणायचं म्हणताय ते जरा जपून. इथे उतरताना बी, माती, इतकंच काय बागेत वापरलेले मळके बूटसुद्धा फॉर्मवर जाहीर करावे लागतात. भारतात कडक नसेल कदाचित.

गच्चीवाली

भारतातही नियम आहेतच हो. झाडांबरोबर कीड-रोग देशात येऊ नयेत म्हणून २००३ चा प्लँट क्वारंटाइनचा आदेश आहे. लागवडीसाठी बी किंवा कंद आणायचे तर आयात परवाना आणि त्या देशाचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र, दोन्ही लागतं. पायमोज्यात घालून आणलेले ट्यूलिप बेकायदाच.

परसबागी

पायमोज्याचं तुम्हाला कसं कळलं?

विनोद बाजूला. कंद आणत नाही. पण ट्यूलिप इथे अजिबातच नाहीत का?

लेस्टरची_लेक

ट्यूलिपला १२ ते १६ आठवडे कडक गारठा लागतो, त्याशिवाय आतली कळी लांब दांड्यावर येत नाही. पुण्याची थंडी त्याच्या खिजगणतीत नाही. इथल्या व्यापाऱ्यांकडे थंडी देऊन तयार केलेले कंद मिळतात, ते डिसेंबरात लावले तर एकदा फुलतात आणि मग कंपोस्टमध्ये. फ्रीजमध्ये घरी करायचं असेल तर सफरचंदांपासून लांब ठेवा, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने कळी आतच मरते. पोटभर बघायचे तर मार्चअखेर-एप्रिलमध्ये श्रीनगर. तिथली ट्यूलिप बाग २००७ पासून खुली आहे.

सोनटक्का

मी इतका वेळ वाचत होते. ट्यूलिपसाठी एवढा जीव का टाकताय? तुम्हाला कंद पुरून वाट बघायची हौस आहे ना, मग इथल्या कंदांकडे बघा की. आपल्याकडेही कंद झोपतात, फक्त बर्फामुळे नाही, कोरडेपणामुळे.

भुईचाफा लावा. दिवाळीनंतर पानं पिवळी पडतात आणि सगळं झाड जमिनीत गडप. कुंडी रिकामी दिसते, म्हणून तीवर आधी चिठ्ठी चिकटवा, नाहीतर घरातलं कुणीतरी त्यात पुदिना खोचतं. पाणी बंद. मग उन्हाळ्यात, एकही पान नसताना, कोरड्या मातीला बारीक भेग पडते आणि तिच्यातून थेट फूल वर येतं. देठ नाही म्हणावा इतका आखूड. पांढऱ्या अरुंद पाकळ्या, खालची पाकळी जांभळी, आणि वास घ्यायला जमिनीवर अक्षरशः पालथं पडावं लागतं. सकाळी उमललेलं फूल दुसऱ्या दिवशी नसतं, पण शेजारी दुसरं असतं. ते संपलं की पाऊस आणि मग पानं.

कळलावीही तशीच. हिवाळ्यात मेलेली, पहिल्या पावसावर वर येते आणि पानाच्या टोकाने कठडा धरून चढते. मात्र तिचा कंद विषारी आहे, घरात लहान मुलं किंवा कुत्रं असेल तर नको. आणि पावसाळी लिली तर कुणीही लावावी. मेमध्ये लसणाच्या पातीसारखी पडून असते, वळवाचा एक चांगला झोडपा झाला की तीन-चार दिवसांत सगळी कुंडी गुलाबी. नळाचं पाणी कितीही घाला, ती तसं फुलत नाही.

आण्णा_धुळेकर

बघा. नळाचं पाणी आणि आभाळाचं पाणी यात फरक असतो असं मी म्हटलं असतं तर गच्चीवालीबाईंनी मला उडवून लावलं असतं.

गच्चीवाली

आण्णा, लिलीपुरती माघार घेते. लिलीपुरतीच.

नवीकुंडी

मध्येच विचारते. शेवंती दिवाळीत भरभरून फुललेली आणली होती, पुढच्या वर्षी पानं मस्त पण कळी नाही. खत कोणतं घालू?

उत्तरायण

खत नाही, अंधार. शेवंती रात्र मोठी व्हायला लागली की कळी धरते. तुमची कुंडी रस्त्याच्या दिव्याखाली किंवा बाल्कनीच्या ट्यूबखाली आहे का?

नवीकुंडी

बाल्कनीतल्या दिव्याखालीच आहे! यांना रात्री तिथे बसून फोनवर बोलायचं असतं.

तिरकस

शेवंती की नवरा, एक काहीतरी हलवा.

सोनटक्का

मोगऱ्याचंही सांगून ठेवते, कारण मेमध्ये बाग झोपते म्हणणाऱ्यांना मोगरा दिसत नाही. जानेवारीअखेर पाणी तोडायचं, पानं ओरबाडून काढायची, फांद्या छाटायच्या, शेणखत द्यायचं आणि मग पाणी सुरू. मार्चपासून ओंजळभर फुलं. उन्हाळा हा ज्याचा त्याचा असतो.

परसबागी

खूप मिळालं. एक तक्रार मात्र राहतेच. तिकडे ऑक्टोबरात पानं गोळा करून जाळीच्या पिंजऱ्यात भरायचो, दोन वर्षांत काळंभोर पानखत. इथे आमच्या आवारातल्या बदामाची आणि पर्जन्यवृक्षाची पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात आणि सफाईवाले कोपऱ्यात पेटवून देतात. सगळ्यांची खिडक्या बंद करण्याची धावपळ, आणि खाली चांगलं खत जळतंय.

गच्चीवाली

त्यांना सांगा पोत्यात भरून गच्चीवर आणून द्या, चहापाण्याचे पैसे देतो. आम्ही तेच करतो. पानगळ आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर होते, म्हणजे आच्छादनाची गरज लागते त्याच वेळी माल हजर. कुंडीवर चार बोटं पानांचा थर द्या, मेमध्ये रोजच्याऐवजी एकाआड एक दिवस पाणी पुरतं. पावसाळ्यात तोच थर कुजून अर्धा होतो. श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने, म्हणजे शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या गटाने, अमृतमातीवर (पालापाचोळा कुजवून केलेल्या मातीवर) आयुष्य घातलं. आमच्या गच्चीवरच्या वाफ्यांत विकतची माती जवळपास नाहीच. वजनही कमी, सोसायटीचा स्लॅबवरून आरडाओरडाही कमी.

फक्त बदामाचं पान जाड असतं, हाताने चुरून घाला. अख्खं घातलंत तर पाणी वरूनच घरंगळतं.

मस्कतकर

आणि जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन चुकवू नका. कोण काय पिकवतंय आणि कोणत्या महिन्यात काय फुलतं, ते एका फेरीत दिसतं. ऑक्टोबरात गुलाब छाटणारे सगळे पुणेकर तिथे छाती काढून उभे असतात.

परसबागी

तर मग असं ठरवतो. मेमध्ये नवीन काही नाही, मोगरा असेल तर त्याची फुलं वेचायची. पानांची पोती फेब्रुवारीपासून. जूनमध्ये गच्चीवर दोडका आणि कारलं, आण्णांच्या मृगाला मान देऊन. दक्षिण बाल्कनी दसऱ्यापर्यंत रिकामी ठेवतो, मग टोमॅटो आणि कोथिंबीर. उत्तरेला ब्रह्मकमळ. भुईचाफ्याचे कंद पुण्यात कुणाकडे जास्तीचे आहेत का? पायमोज्यातून न्यायला तयार आहे.

सोनटक्का

आहेत. कोथरूडला येऊन घेऊन जा. मार्चच्या आत या, एकदा कोंब हलला की मी खोदू देणार नाही.

हिरवीमिरची

सगळं छान ठरलंय, पण चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत कबुतरांचं काय करणार ते कुणीच बोललं नाही. रकून परवडला.

तिरकस

जाळी लावा. टोमॅटोला नाही, बाल्कनीला.